आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स!

मी बेलापूरचा म्हटलं की समोरचा विचारतो, "नवी मुंबई का?" मग सांगा, नाही हो, श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं. मराठीत हे सांगायला काहीच वाटत नाही. पण इंटरव्ह्यूत हेच इंग्रजीत सांगायचं म्हटलं की आमच्या हॉस्टेलच्या निम्म्या पोरांची बोलती बंद! मॅथ्सला पैकीच्या पैकी मार्क पाडणारी पोरं ग्रुप डिस्कशनला तोंड उघडत नाहीत. का? तर म्हणे, "चुकलं तर हसतील."

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच, की आपल्या चुका वेड्यावाकड्या नसतात. त्यांना चक्क व्याकरण असतं. मराठीचं!

आता हे बघा. 'मी तीन वर्षांपासून हॉस्टेलला राहतोय.' याचं सरळ होतं, 'आय ॲम लिव्हिंग इन हॉस्टेल सिन्स थ्री इयर्स.' मराठीत काम आधी सुरू होऊन अजून चालू असेल तर वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. शिवाय 'सिन्स २०२२' पण 'फॉर थ्री इयर्स'. आपलं दोन्हीकडे एकच 'पासून'. आणि गंमत म्हणजे हीच चूक डच माणूसही करतो, कारण त्याच्या भाषेतही तिथे वर्तमानकाळच! डच लोक इंग्रजीत एवढे तरबेज, तरी मार्टेन राइकेन्स यांनी २००५ साली त्यांच्या चुकांचं पुस्तक काढलं, नाव 'आय ऑलवेज गेट माय सिन'. डचमध्ये 'झिन' म्हणजे मर्जी. म्हणायचं होतं 'मी माझंच खरं करतो', निघालं पाप! पुस्तक धडाक्यात खपलं.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' कुठून येतं? मराठीत 'हॅव'ला क्रियापदच नाही. आपण 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. पण कधीही शिका, 'आहे' दिसला की 'ॲम-इज-आर' हे डोक्यात पक्कं. मग 'हॅव'च्या आधी 'ॲम' आपोआप येऊन बसतो, आणि त्याच्यामागे 'इंग'.

परीक्षेचं तर उलटंच. आपण परीक्षा देतो, सर घेतात. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो आणि सर 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणालात तर साहेबाला वाटेल, हे मास्तर दिसतात!

या हसण्यावारी नेण्यासारख्या. खरी घातक चूक वेगळीच आहे. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो: 'कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की मी खर्च देतो.' याचं 'द कॉन्ट्रॅक्टर सेड दॅट आय विल पे' केलंत, तर इंग्रजीत खर्च तुमच्या गळ्यात! तिथे 'ही वुड पे' हवं. साइटवर, ई-मेलमध्ये, कुठेही ही भानगड होऊ शकते. बाकी सगळं राहू द्या, आधी ही सुधारा.

उच्चारांचं फार मनाला लावून घेऊ नका. फक्त 'व'कडे लक्ष असू द्या. आपण लिहिताना 'व्होल्ट' आणि 'वॉट' असा फरक बरोबर करतो, बोलताना मात्र दोन्ही सारखेच. व्होल्टला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, वॉटला ओठांचा चंबू. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, निदान तुम्ही तरी!

'येस्टरडे ओन्ली आय केम' हेही चूकच, पण मला ते चूक म्हणायला जिवावर येतं. तो आपला 'च' आहे राव, 'कालच आलो'मधला. इंग्रजीत 'च' नाही, तिथे आवाजाने जोर द्यावा लागतो. त्यांचीच गैरसोय!

सध्या रात्री मेसनंतर आम्ही पाच-सहा जण बसतो. आधी वाक्य मराठीत म्हणायचं, मग इंग्रजीत, मग सांधा कुठे निखळला ते शोधायचं. परवा एका मेकॅनिकलवाल्याने विचारलं, "'भाजी आजही तीच' याचं काय करायचं?" 'टुडे ऑल्सो सेम भाजी'वर अकरापर्यंत वाद चालला. शेवटी रेक्टर सर आले आणि त्यांनी शुद्ध मराठीत सगळ्यांना झोपायला पाठवलं.