राजकुमारीचा कप्पा

चेन्नईत, टी. नगरच्या पांडी बाजारात एकेकाळी राजकुमारी नावाचं थिएटर होतं. टी. आर. राजकुमारी या नटीच्या मालकीचं. 'हरिदास'मधली रंभा, 'चंद्रलेखा'ची नायिका. तिच्या नजरेवर अख्खा मद्रास इलाखा लुब्ध होता. त्या काळातली नटी पैसा आला की दागिने करी, फार तर बंगला बांधी. हिने थिएटर उभं केलं, तेही स्वतःच्या नावाने. आता तिथे दुकानं आहेत. रस्त्याचा पदपथ २०१९ मध्ये ऐसपैस झाला, बाकं आली, संध्याकाळी चालायला गर्दी होते. त्या गर्दीतल्या तरुण मुलींना राजकुमारी कोण हे ठाऊक असायचं काही कारण नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर राव मामांच्या कपाटात मात्र राजकुमारी अजून चालू आहे.

मामा तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून कधीतरी पूर्वज खाली उतरले ते तिथलेच झाले. घरात मराठी बोलतात, हिशेब तमिळमध्ये करतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम मनापासून केलं: पूर्वी पाहिलेले सिनेमे गोळा करणं. व्हीसीडी, डीव्हीडी, थोड्या व्हिडिओ कॅसेटी. त्या लावण्याची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. साल नाही, दिग्दर्शक नाही, अकारविल्हे नाही. जो सिनेमा ज्या थिएटरात पहिल्यांदा पाहिला, त्या थिएटरचा तो कप्पा. राजकुमारी, कृष्णवेणी, सन, नागेश हे टी. नगरचे, मग माउंट रोडकडचे शांती, कॅसिनो. प्रत्येक कप्प्याला चिकटवलेली तमिळ अक्षरांची पट्टी. यातली बरीच थिएटरं आता उरली नाहीत. शिवाजी गणेशनच्या कुटुंबाचं शांतीसुद्धा २०१६ मध्ये बंद झालं.

रविवारी दुपारी कॉफी झाली की मामा एक डबी काढतात. मामी खुर्च्या ओढतात. मी वरून उतरते. असं आम्ही ते कपाट कप्प्याकप्प्याने पाहत चाललो आहोत. मराठी घरात वाढलेल्या माझ्यासारखीला या शहराची खरी ओळख पहिल्यांदा कुणी करून दिली असेल तर या कपाटाने, असं मी खात्रीने म्हणेन.

सुरुवात अर्थात राजकुमारीपासून. म्हणजे 'हरिदास'पासून. १९४४ च्या दिवाळीत ब्रॉडवे थिएटरात लागलेला हा चित्रपट तीन दिवाळ्या पाहून उतरला. (मामांनी तो पुढे कधीतरी राजकुमारीत पाहिला, म्हणून तो त्या कप्प्यात.) नायक एम. के. त्यागराज भागवतर. पडद्यावर ते गात होते तेव्हा प्रत्यक्षात तुरुंगात होते, लक्ष्मीकांतन खून खटल्यात. १९४७ मध्ये निर्दोष सुटले, पण ते वैभव परत आलं नाही. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, मूळचे मंगळूरकडचे, मुंबईच्या मूकपटांतून तयार झालेले. आणि गोष्ट? आईबापांना घराबाहेर घालवणारा, नाटकशाळेच्या नादी लागलेला, मग पोळून निघून त्यांच्या पायाशी बसणारा मुलगा. आपला पुंडलिकच तो. अर्धा चित्रपट होईपर्यंत मी उगीच तमिळ शब्द पकडत बसले होते. नंतर शब्दांची गरजच उरली नाही.

टी. नगरात हे सगळं घरच्या अंगणात घडल्यासारखं आहे. १९२० च्या दशकात मांबलमचा लांबलचक तलाव बुजवून ही वस्ती वसवली, जस्टिस पक्षाच्या त्यागराय चेट्टींचं नाव तिला दिलं. कोडंबाक्कमचे स्टुडिओ हाकेवर, म्हणून नट, गीतकार, संगीतकार इथे येऊन राहिले. आजही पत्ता सांगताना कण्णदासन सालै येते, चौकात एन. एस. कृष्णन यांचा पुतळा येतो. आर्काट स्ट्रीटवर एम. जी. आर. यांचं घर आहे, त्यात पेंढा भरलेला सिंह उभा आहे. बोग रोडला शिवाजी गणेशनचं नाव मिळालं. त्याच रस्त्यावर त्यांचं 'अन्नै इल्लम'. विळुपुरमच्या व्ही. सी. गणेशनला 'शिवाजी' हे नाव मिळालं ते अण्णादुरैंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर, आणि दिलं ते पेरियारांनी. त्या फाटकासमोरून भाजी घेऊन येताना मला दर वेळी याचा अभिमान वाटतो.

पण शिवाजींचा जो चित्रपट माझ्या मनात घर करून बसला, तो 'कर्णन' नव्हे. २०१२ मध्ये डिजिटल साज चढवून 'कर्णन' पुन्हा लागला आणि त्याने शंभरावर दिवस गर्दी खेचली, हे मला माहीत आहे. तो भव्य आहे, मोठ्या पडद्याचा आहे. माझा मात्र 'अंद नाळ'. १९५४. एव्हीएमची निर्मिती, दिग्दर्शक एस. बालचंदर, पुढे वीणावादक म्हणून जगभर गाजले ते. या चित्रपटात गाणं नाही. एकही नाही. तमिळ चित्रपटात, १९५४ साली! नाचही नाही. चित्रपट सुरू होतो न होतो तोच गोळीचा आवाज येतो आणि शिवाजी गणेशन मरतात. ज्याला बघायला लोकांनी तिकीट काढलं तो नट पहिल्या काही मिनिटांतच संपतो; उरलेला वेळ त्याला आपण बघायचं ते दुसऱ्यांच्या जबान्यांतून. बायको सांगते तो राजन वेगळा, भाऊ सांगतो तो वेगळा, शेजारी सांगतो तो तिसराच. राजन रेडिओ इंजिनियर, काळ १९४३ च्या ऑक्टोबरचा, मद्रासवर जपानी बॉम्ब पडला त्या सुमाराचा.

बालचंदरांनी कुरोसावांचा 'राशोमोन' एका महोत्सवात पाहिला होता. त्यावरून सुचलेलं नाटक त्यांनी लिहिलं, ते आकाशवाणीने नाकारलं, मग त्याचा चित्रपट झाला. मारुती राव यांच्या कॅमेऱ्याने घराचे जिने आणि दारं अशी टिपली आहेत की माणसाच्या आधी त्याची सावली आत येते. बायको झालेल्या पंढरीबाईंचा चेहरा जवळून दिसतो तेव्हा अर्धा उजेडात, अर्धा काळोखात असतो, आणि ती खरं बोलते आहे की नाही हे आपण त्या दोन अर्धांमध्ये शोधत राहतो. खुनी कोण ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा तो हक्क आहे. त्या वेळी प्रेक्षकांनी गाणी नाहीत म्हणून कुरकुर केली, चित्रपट चालला नाही. आज तमिळ चित्रपटाची कुठलीही आदराची यादी त्याच्यावाचून पुरी होत नाही.

हे बालचंदर पडद्यावर पहिल्यांदा आले ते लहान मुलगा म्हणून, 'सीता कल्याणम्'मध्ये. तो तमिळ चित्रपट काढला होता आपल्या प्रभात फिल्म कंपनीने, १९३४ च्या आसपास, आणि दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. थोरला भाऊ एस. राजम् राम, बहीण सीता, वडील जनक. अख्खं मैलापूरचं कुटुंब प्रभातच्या दारात. मामांनी हे सांगितलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. मराठी माणसांच्या हाताखाली ज्याने पहिला प्रकाशझोत अंगावर घेतला, त्याने वीस वर्षांनी असा चित्रपट करावा, याचा मला झालेला आनंद कुणाला पोरकट वाटला तरी हरकत नाही.

नागेशचा कप्पा खालून दुसरा. नागेश हा विनोदी नट. त्यानेही या पेठेत आपल्या नावाचं थिएटर बांधलं होतं, तेही गेलं. मामांनी 'कादलिक्क नेरमिल्लै' लावला, श्रीधरचा, १९६४ चा रंगीत. थोड्याच वेळात मला जाणवलं की ही गोष्ट मी शाळेत असताना पाठ केलेली आहे. श्रीमंत बाप, दोन मुली, सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेला मुलगा, खोटा बाप होऊन आलेला मित्र. हा तर 'धुमधडाका'! श्रीधरनेच १९६६ मध्ये त्याचा हिंदी 'प्यार किये जा' केला आणि त्यावरून महेश कोठारेंनी १९८५ मध्ये आपला. लक्ष्याच्या मागे मेहमूद उभा, मेहमूदच्या मागे नागेश.

त्यातला तो प्रसंग. चेल्लप्पा झालेला नागेश बापाला, म्हणजे टी. एस. बालय्यांना, आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो. हातात काही नाही, मागे संगीत नाही. काळोख, पाऊस, दार, पाऊल, सगळं तो तोंडाने आणि दहा बोटांनी उभं करतो. आवाज चढवत नाही, उलट खाली नेतो. पण खरी कमाल बालय्यांची. ते फक्त ऐकतात. आधी हा मुलगा वाया गेला म्हणून चेहऱ्यावर वैताग. मग तोंड थोडं उघडं. मग डोळे एकाच जागी खिळलेले. मग खुर्चीतलं ते थोरलं शरीर हळूहळू आक्रसायला लागतं. बोलणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. ऐकणाऱ्याने त्या प्रसंगाला जो आधार दिला आहे तो बघायला हवा. मामांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला, आणि त्या वेळी आम्ही सगळ्यांनी फक्त बालय्यांकडे पाहिलं.

रुद्रय्यांचा 'अवळ अप्पडित्तान' (१९७८) मामींना आवडत नाही आणि मामांना त्याच्यावरून वाद घालायला आवडतं. श्रीप्रियाने केलेली ती मंजू कुणाच्याही सोयीची नाही, म्हणून मला ती प्रिय आहे. रजनीकांत त्यात जितका किळसवाणा माणूस उभा करतो तितकं धाडस नंतरच्या सुपरस्टारला परवडलं नसतं. रुद्रय्यांनी याखेरीज एकच चित्रपट केला.

शेवटच्या कप्प्याला थिएटरचं नाव नाही. मामांनी फक्त दूरदर्शनवर पाहिलेले चित्रपट त्यात आहेत. तिथे 'वीडु' आहे. बालू महेंद्र, १९८८. भाड्याचं घर सोडायची वेळ आलेली नोकरदार सुधा कर्ज काढून छोटंसं घर बांधायला घेते, एवढंच. सुधा झालेल्या अर्चनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिमेंट चोरणारा ठेकेदार, त्याला पकडून देणारी मजूर बाई, कचेऱ्यांचे हेलपाटे. आणि आजोबा, चोक्कलिंग भागवतर. एक दिवस हे आजोबा कुणाला न सांगता छत्री घेऊन बांधकाम बघायला जातात. छप्पर झालेलं, गिलावा नाही. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, कोऱ्या भिंतीवरून तळवा फिरवतात. ही खोली अमुक, ही तमुक, असं काही बोलत नाहीत. बालू महेंद्र त्यांना घाई करत नाहीत, इळयराजांचं संगीतही करत नाही. आमच्या गल्लीत एका पाठोपाठ एक बैठी घरं पडून फ्लॅट उठले आहेत. मामा स्वतः आपलं घर देऊन तिथेच वर उठलेल्या इमारतीत राहतात. त्या दिवशी चित्रपट संपल्यावर कुणी वाद घातला नाही.

या 'वीडु'ची मूळ निगेटिव्ह उरलेली नाही. बालू महेंद्रांनीच ते हयातीत सांगितलं होतं. १९६९ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेला हा छायालेखक. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहताना त्याने पाहिलेलं. २०१४ मध्ये गेले तोवर ते सांगत राहिले की तमिळनाडूला स्वतःचा चित्रपट संग्रह हवा. ते ऐकायला हवं होतं. अजूनही ऐकायला हवं. स्वतःच्या मुख्यमंत्र्यांना पडद्यावरून निवडून दिलेल्या राज्याला आपली रिळं सांभाळता येऊ नयेत, याचा मला राग येतो.

जे राहिलं ते वेड्या माणसांमुळे राहिलं. पुण्यात पी. के. नायर डबे गोळा करत देश पालथा घालत होते. इथे 'फिल्म न्यूज' आनंदन एकेक फोटो, एकेक गाण्यांची पुस्तिका जमवत होते. दोघेही २०१६ च्या मार्चमध्ये गेले. आणि काही नशिबाने राहिलं: दक्षिणेच्या मूक कथापटांपैकी 'मार्तंड वर्मा' तेवढा हाती लागला, तोही कादंबरीच्या हक्काचा खटला होऊन रिळं अडकून पडली म्हणून. 'कालिदास', १९३१, तमिळचा पहिला बोलपट, गेला. कितीतरी रिळं तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी संपवली गेली.

मामांना सगळ्यांत जास्त हळहळ आहे ती 'तुक्काराम'ची. प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, कोइंबतूरच्या सेंट्रल स्टुडिओने तो तमिळमध्ये काढला. बी. एन. राव दिग्दर्शक, आणि तुकोबा झाले होते मुसिरी सुब्रमण्य अय्यर, कर्नाटक संगीतातले एवढे थोर गवई. त्यांनी केलेला हा एकच चित्रपट. मामांच्या वडिलांनी तो पाहिला होता. आपला देहूचा वाणी कावेरीकाठच्या गळ्याने गातो आहे, हे मला एकदा ऐकायचं आहे. त्याची प्रत कुठे नाही.

म्हणून ही विनंती. जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी, सांगली-बेळगावकडे असो की तंजावर-कोइंबतूरकडे, माळ्यावर पत्र्याचे गोल डबे अजून सापडतात. ते भंगारात घालू नका. १९५१ च्या आधीची फिल्म बहुधा नायट्रेटची असते, ठिणगीनेही पेटते, तेव्हा दिवा-काडी लांब ठेवा. नंतरची असेल आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती सडू लागली आहे, वेळ थोडा आहे. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात कळवा, ते बघतील. डब्यावरची अक्षरं तमिळ असतील आणि लागत नसतील, तर फोटो काढून मला पाठवा. मामांना पुसट झालेली चिठ्ठीसुद्धा वाचता येते.