गाळ टाकला तिथेच चुकलं

उन्हाळ्यात कुकडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की येडगाव धरणाचं पाणी मागे सरतं आणि गाळ उघडा पडतो. मुरमाड रान त्या गाळाने सुधारतं, हे मी लहानपणापासून पाहत आलो. माझी द्राक्षबाग त्याच्याच जिवावर उभी राहिली. म्हणून धरणाच्या फुगवट्याकाठचं एक फार्महाउस सांभाळायला मिळालं आणि तिथलं गोल्फचं छोटं पटिंग ग्रीन फिकट दिसलं, तेव्हा मी आधी गाळ चाळून घेतला आणि त्यावर बोटभर जाड पसरला. मालक पुण्याला असतात. त्यांना विचारायची गरजही मला वाटली नाही.

ग्रीनच्या पोटात साधारण 10 सेंटिमीटर खडी, तिच्यावर 30 सेंटिमीटर वाळू आणि वर बुटकी हरळी असते. आमच्या ग्रीनवरची जात टिफड्वार्फ, अमेरिकेतल्या जॉर्जियात 1965 साली प्रसारित झालेली. बांधावरून आम्ही खणून फेकतो त्या हरळीचीच ती नातलग. पण ती 4-5 मिलिमीटरवर कापतात. पान एवढंसं ठेवायचं तर मुळांना हवा हवीच, आणि ती हवा वाळू देते. मी नेमकी तीच वाट बुजवली होती.

जुलैत झड लागली आणि ग्रीन पिवळं पडलं. मी युरिया फेकला. गडद, लुसलुशीत फूट आली तेव्हा मला बरं वाटलं. मग तपकिरी चट्टे उठले. ढगाळ हवा, ओल आणि चट्टे एवढं दिसल्यावर द्राक्षवाल्याच्या डोक्यात डाऊनी, म्हणजे केवडाच येतो. मी मेटॅलॅक्झिल मारलं. ते डाऊनीवर आणि त्याच्या जवळच्या रोगांवर चालतं. हा रोग वेगळ्याच बुरशीचा होता. औषध वाया गेलं, त्याहून वाईट म्हणजे वेळ गेला. ग्रीनवर शेवाळ धरलं.

शेवटी चाकूने एक ढेकूळ कापून काढलं. वर गाळाचा काळा थर, चिकट, कुजक्या अंड्याचा वास मारणारा. पांढरी मुळं त्या थराच्या तळापर्यंत येऊन थांबलेली, पुढे एकही नाही. आणि खालची वाळू ऐन पावसाळ्यात जेमतेम ओलसर. बारीक कणांचा गाळ पाणी धरून बसतो, खालच्या भरड वाळूत सहज सोडत नाही. आजार पानावर दिसत होता, पण तो मी मे महिन्यात माझ्या हाताने पसरला होता.

दुरुस्तीची घाई झाली होती, पण हिवाळ्यात हात लावला नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते. हरळी वाढायची थांबते आणि जखम तशीच राहते. एप्रिलमध्ये ऊन तापल्यावर गाळाचा वरचा थर खरवडला, पोकळ नळीने जवळजवळ भोकं पाडली, निघालेल्या मातीच्या कांड्या वेचल्या आणि धुतलेली वाळू झाडूने भोकांत भरली. ग्रीन उघडंबोडकं दिसत होतं. मालकांना फोनवर सगळं खरं सांगितलं.

आता भोकं पाडायचं काम पावसाच्या आधीच उरकतो. झडीत कापणी थोडी उंच ठेवतो, नत्राला हात लावत नाही. पाणी पहाटे देतो, म्हणजे पान दिवसभरात सुकतं. काही ठिकाणी अजून मूळ खाली उतरलेलं नाही. तिथे यंदा पुन्हा नळी घालायची आहे.