अब्बांचा क्ष

दहावीत मी बीजगणितात नापास झालो होतो. आमच्या घराण्यात हे डोकंच नाही, असं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं आणि मुलीलाही ही गोष्ट कधी सांगितली नाही. गेल्या रमजानमध्ये ती वही घेऊन आली. चेहऱ्यावरची भीती माझ्या ओळखीची होती.

उदाहरण असं: बदाम ८०० रुपये किलो, खारीक २०० रुपये किलो. ४०० रुपये किलोचा १२ किलो मेवा करायचा, तर काय किती घ्यावं?

अब्बा बाजूलाच तसबीह घेऊन बसले होते. चौथी शिकलेले, उभा जन्म किराणा दुकानात गेलेला. म्हणाले, "चार किलो बदाम, आठ किलो खारीक."

"दादाजान, कसं काय?"

"किलोभर बदाम घातला की चारशेची खोट. किलोभर खारीक घातली की दोनशे सुटतात. एक किलो बदामामागं दोन किलो खारीक, म्हणजे खोट भरली."

मग आम्ही वहीत मांडलं. बदाम क्ष किलो, तर खारीक १२ − क्ष. म्हणून ८००क्ष + २००(१२ − क्ष) = ४८००. दोन्ही बाजूंतून २४०० वजा केले, ६००क्ष = २४०० उरले. क्ष = ४. उत्तर तेच.

मी मुलीला सांगितलं, नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीनं 'जब्र' आणि 'मुकाबला' यांवर किताब लिहिली. वजा झालेलं दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणं म्हणजे जब्र, दोन्ही बाजूंचं सारखं काढून टाकणं म्हणजे मुकाबला. त्या किताबीत क्ष नाही की बरोबरचं चिन्ह नाही, सगळं शब्दांत. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी अशा रोजच्या गरजांसाठी ती लिहिली होती. म्हणजे अब्बा बोलले तसंच.

मग मी नापास झाल्याचंही तिला सांगून टाकलं. ती हसली नाही. अब्बांची तसबीह मात्र थांबली.

"मला वाटायचं, मी अडाणी म्हणून तू मागं पडलास," ते म्हणाले. "पण दुकानात बसून तू रोज हेच तर करायचास. मास्तरांना तसं सांगायचं होतंस."

मी काय सांगणार? दुकानातला हिशेब म्हणजे गणितच, हे मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं?

मुलीनं पुढचं उदाहरण वाचायला घेतलं. या वेळी मोठ्यानं, दादाजानना ऐकू जाईल असं.