दोन वाटे पाण्याला, एक आभाळाला

कार्तिक पौर्णिमेला रायपूरच्या महादेव घाटावर पुन्नी मेळा भरतो. खारून नदीच्या काठी हटकेश्वर महादेवाचं मंदिर आहे. पहाटेपासून लोक स्नानाला येतात आणि दिवे लावून नदीत सोडतात. फोटो काढणाऱ्याला इथे विषय शोधत हिंडावं लागत नाही. कशाला किती जागा द्यायची, एवढंच ठरवावं लागतं. ते ठरवायला मला एक-तृतीयांशाच्या नियमानं शिकवलं.

नियम साधा आहे. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा कल्पून चौकटीचे नऊ समान भाग करायचे. क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवायचं आणि मुख्य विषय एखाद्या उभ्या रेषेवर किंवा रेषा छेदतात तिथे. हे नाव कॅमेऱ्याच्याही आधीचं आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं ते १७९७ साली निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात वापरलं.

मेळ्याच्या एका पहाटे आभाळ कोरं होतं आणि सगळा उजेड पाण्यात होता. म्हणून पलीकडचा काठ मी वरच्या रेषेवर घेतला. दोन वाटे पाण्याला, एक आभाळाला. पायरीवर एक आजी दिवा घेऊन बसल्या होत्या. फोटो काढू का, असं विचारल्यावर त्यांनी हसून मान डोलावली. काठाची रेघ त्यांच्या डोक्यातून जाऊ नये म्हणून मी दोन पायऱ्या वर चढलो. त्यांना डाव्या उभ्या रेषेवर घेतलं आणि त्या बघत होत्या ती उजवी बाजू मोकळी सोडली. दिवा हातातून सुटला, हेलकावे खात पुढे गेला. तो उजव्या रेषेजवळ आला तेव्हा मी बटण दाबलं. आजी मधोमध असत्या तर त्यांच्या पाठीमागची जागा वाया गेली असती आणि दिव्याला पुढे जायला वाव उरला नसता. आता बघणाऱ्याची नजर आधी त्यांच्या चेहऱ्यावर जाते आणि मग त्यांच्याच नजरेबरोबर दिव्यापर्यंत पोहोचते.

रायपुरातल्याच बूढा तालाब या तळ्यावर मात्र मी वेगळी वाटणी करतो. विवेकानंदांच्या बालपणातला काही काळ, १८७७ ते १८७९, रायपुरात गेला. तळ्याच्या मध्यभागी त्यांचा ध्यानस्थ पुतळा आहे. वारा पडला की पुतळा पाण्यात उतरतो. वर जेवढं दिसतं तेवढंच खाली, म्हणून तिथे पाण्याची रेघ मी बरोबर मध्यावर ठेवतो. समोरचं दृश्यच समान वाटणी मागत असतं.

म्हणून माझ्या लेखी हा नियम म्हणजे आधी एक प्रश्न आहे: या फोटोत जास्त महत्त्वाचं काय? तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही या रेषांची ग्रिड असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती आजच सुरू करा आणि बटण दाबण्याआधी दोन वाटे कुणाला द्यायचे ते ठरवा.