शिवणीतली माया

काटकसर हा आमच्या घराण्याचा वडिलोपार्जित गुण होय. परंतु काटकसर कोठे संपते आणि कंजूषपणा कोठे सुरू होतो, याची परीक्षा आम्हास पिस्टनच्या दुकानात द्यावी लागेल, असे कधी वाटले नव्हते.

तीर्थरूपांची एक जुनी बुलेट फटफटी आमच्याकडे आहे, साडेतीनशे सी.सी.ची, बिडाच्या सिलिंडरची. गेल्या पावसाळ्यापासून ती निळसर धूर सोडू लागली व तेल खाऊ लागली. पैसा बेताचा; म्हणून इंजिन घरीच ओसरीवर खोलावे आणि बोअरिंगपुरते मिस्त्रींकडे जावे, असे आम्ही ठरविले.

नुसत्या रिंगा बदलून भागेल, अशी आमची आशा होती. मिस्त्रींनी सिलिंडर वर, मध्ये व खाली, आडवे-उभे मापले आणि मान हलविली. रिंगा जेथून वर जाऊन परततात, तेथे ताप व दाब अधिक आणि तेल कमी. म्हणून झीजही तेथेच अधिक. "काका, भोक गोल राहिलेले नाही. नव्या रिंगा टाकून धूर थांबायचा नाही."

मूळ भोक ७० मिलिमीटरचे. पुढचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा वाढत्या मापांचे. प्रत्येक खेपेस सिलिंडर तेवढे कोरावे लागते, आणि कोरलेले बीड परत येत नाही. मापे संपली की नवी स्लीव्ह बसविणे आले.

पुण्याच्या नाना पेठेत एका दुकानदाराने १.०० चा एक बिननावाचा पिस्टन पुढे केला. ०.५० चा चांगला पिस्टन मागवावा लागणार होता. किंमत जवळजवळ दुप्पट, शिवाय आठवडाभर खोळंबा. आमचे मन स्वस्ताईकडे झुकले.

त्या रात्री जुन्या पिस्टनच्या माथ्यावरची काजळी आम्ही लाकडी काडीने खरवडली. खालून अंक उमटले: ०.२५. आमच्या लहानपणी तीर्थरूप काही दिवस सायकलीने कचेरीत जात असत, ते आम्हास आठवले. फटफटी खोललेली असताना तिच्या पिस्टनची ते वाट पाहत असावेत. आमची सौभाग्यवती शेजारीच शिवणकाम करीत होती. सारी हकीकत ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मामंजींनी शिवणीत माया सोडली होती म्हणायची!"

आम्ही ०.५० साठी थांबलो. पिस्टन हाती आल्यावरच त्याच्या मापाने बोअरिंग करविले. कारण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांची; ती कमी पडली तर पिस्टन जखडतो, अधिक झाली तर खडखडतो. प्रत्येक रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फटही आम्ही पाहिली, आणि मगच जोडणी केली.

आता धूर नाही. चिरंजीव विजेच्या स्कूटरवरून हिंडतात. या फटफटीकडे ते कौतुकाने पाहतात, हात मात्र लावीत नाहीत. पुढेमागे लावतीलही, न लावतीलही. सिलिंडरात अजून दोन मापे शिल्लक आहेत. ती वापरावी की नाही, हे त्यांनी ठरवावे; ती आधीच संपवून टाकण्याचा अधिकार आमचा नव्हता.