हद्दीचा मालक

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी घरी मासे पाळले असतील. बहुतेक घरांत गोड्या पाण्यातले मासे असतात. माझ्याकडे मात्र समुद्रातला एक मासा आहे. त्याचे नाव डॉमिनो. रंग काळाभोर, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका! डॉमिनो खेळाच्या सोंगट्यांवर असेच ठिपके असतात, म्हणून हे नाव पडले.

त्याच्यासाठी मी काचेच्या पेटीत लहानसा समुद्रच तयार केला आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ घालावे लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरताना मी गोडे पाणीच घालतो.

डॉमिनो फार चिवट मासा आहे. पाणी थोडे बिघडले तरी तो तग धरतो. पण हाच गुण त्याच्यावर संकट आणतो. नव्या पेटीत माशांच्या विष्ठेमुळे अमोनिया साठतो. तो विषारी असतो. त्याला आवरणारे सूक्ष्म जीव वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत पेटीत चिवट मासे सोडण्याची रीत होती. मासे जगत, पण त्यांच्या कल्ल्यांची आग होई. खरे तर मासा न सोडता, थोडा अमोनिया घालूनही हे जीव वाढवता येतात. मी तसेच केले.

डॉमिनो जितका चिवट, तितकाच भांडखोर! कोपऱ्यातला दगड त्याच्या मालकीचा. काच पुसायला हात घातला, की तो माझ्या बोटावर धावून येतो. पण त्याला वाईट म्हणू नका. समुद्रात नर डॉमिनो आपल्या अंड्यांची राखण करतो. तो हद्द सोडून गेला, तर दुसरे मासे अंडी खाऊन टाकतील.

एकदा माझी भाची म्हणाली, "मामा, हा एकटाच आहे. आपण एक छोटा मासा आणू या ना!"

मी विचारले, "समुद्रात हरलेला मासा काय करतो?"

"दूर पळून जातो."

"आणि या पेटीत?"

ती काचेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, राहू दे."

पेटी मोठी असेल, तर शांत मासे आधी सोडावेत आणि डॉमिनोला सर्वांत शेवटी. नवा मासा आणायचा झाल्यास दगडांची जागा बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. लपायला कपारीही भरपूर हव्यात.

मित्रांनो, दुकानातला इवलासा डॉमिनो पुढे १४ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. म्हणून मासा घेण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा मोठा झाल्यावर कुठे राहील? आणि याच्यापुढे हरलेला मासा कुठे जाईल?