लिस्बनचे आफ्रिकन

जंजिऱ्याच्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दींवर काम करणारीने लिस्बनला कशाला जायचं, असं मला अजूनही विचारलं जातं. सोळाव्या शतकापासून मोझांबिकच्या किनाऱ्यावरून जी माणसं जहाजांत भरून गोवा, दमण, दीवला आणली गेली, त्यांच्या व्यापारात पोर्तुगिजांचा हात होता आणि त्या साम्राज्याचं मुख्य दप्तर लिस्बनमध्ये आहे. मी गेले ती त्या दप्तरासाठी. तिथे राहिल्यावर कळलं, की या शहराचे स्वतःचेही आफ्रिकन आहेत, साडेपाचशे वर्षांहून जुने. त्यांचा इतिहास समजल्याशिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या नोंदींचा अर्थ लागत नाही, कारण मालक तेच, कायदा तोच आणि धर्मन्यायालयही त्याच पद्धतीचं.

सुरुवात लिस्बनच्या दक्षिणेला, लागुश बंदरात होते. १४४४च्या ऑगस्टमध्ये तिथे २३५ आफ्रिकन कैदी उतरवून त्यांची वाटणी केली गेली. आई एका वाट्यात, मूल दुसऱ्यात. झुरारा नावाच्या दरबारी इतिहासकाराने हे सगळं लिहून ठेवलंय. त्याला त्या माणसांची दया येते, आणि तरीही आत्मे तरले म्हणून तो या मोहिमेमागच्या पोर्तुगीज राजपुत्राचे गोडवे गातो. २००९मध्ये याच गावात वाहनतळासाठी खोदताना जुन्या उकिरड्याच्या जागी दीडशेहून अधिक आफ्रिकनांचे सांगाडे सापडले. काहींचे हात बांधलेल्या अवस्थेत असावेत, असं त्यांच्या ठेवणीवरून दिसत होतं. वाहनतळ मात्र झालाच.

लिस्बनमध्ये १५५१च्या एका पाहणीत सुमारे एक लाख वस्तीत ९,९५० गुलाम मोजलेले आहेत, म्हणजे दर दहांत एक. पाणी भरणं, कपडे धुणं, चुना फासणं, घरोघरची घाण डोक्यावरून नदीत नेऊन टाकणं, ही कामं त्यांची. त्याच वर्षी ‘राजाचा कारंजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्याच्या तोट्या नगरपालिकेने वर्णाप्रमाणे वाटून दिल्या: काळ्या पुरुषांची वेगळी, गोऱ्या स्त्रियांची वेगळी. हा पाणवठा अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी आजही उभा आहे. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या वाचकाला याहून जास्त काही सांगायला नको.

माणूस मेला की त्याचं काय करायचं, याचाही हुकूम आहे. गुलामांची प्रेतं उघड्यावर टाकली जातात, कुत्री ती ओढतात, अशी तक्रार झाल्यावर राजा मानुएलने १५१५मध्ये एक खोल खड्डा खणायला सांगितला. प्रेतं त्यात टाकावीत आणि वरून अधूनमधून कळीचा चुना घालावा, म्हणजे ती लवकर विरतील. त्या बाजूच्या रस्त्याला आज ‘रूआ दु पोसु दुश नेग्रुश’ म्हणतात, काळ्यांच्या विहिरीचा रस्ता. तिथे कॅफे आहेत, शेजारून ट्राम जाते. जवळच, आजच्या माद्रागोआ भागात, मोकांबु नावाची आफ्रिकनांची वस्ती होती. १५९३च्या राजाज्ञेत तिचं नाव आहे.

हे सगळं मालकांनी लिहिलेलं. गुलाम केलेल्या माणसाचा स्वतःचा शब्द शोधायचा तर इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, खटल्यांकडेच जावं लागतं. तोरे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात ते आहेत. त्यातला जुझे फ्रान्सिस्को परेराचा खटला मी माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला देते. हा पश्चिम आफ्रिकेतल्या विदा बंदराच्या परिसरातला. आधी ब्राझीलला विकला गेला, मग मालकाबरोबर लिस्बनला आला. इथे तो इतर गुलामांना ताईत करून द्यायचा. कापडाची लहान पिशवी, गळ्यात घालायची; ती असली की सुरी लागत नाही, गोळी लागत नाही, असा विश्वास. १७३०मध्ये त्याला पकडलं आणि पिशव्यांतले कागद पुरावा म्हणून खटल्याला जोडले. ते आजही तिथेच आहेत. त्यावर सुळावरचा ख्रिस्त आहे, शिडी आहे, भाले, बाण, गुंतागुंतीच्या रेघा आहेत, आणि भोवती प्रार्थनेचा मजकूर. काही रेघा शाईच्या, काही रक्ताच्या. धर्माधिकाऱ्यांना त्यात सैतानाशी केलेला करार दिसला. मला एक माणूस दिसतो, ज्याने आफ्रिकेतली ताइताची विद्या, ब्राझीलमध्ये शिकलेलं आणि लिस्बनच्या चर्चमध्ये पाहिलेलं असं सगळं एकत्र करून मार खाणाऱ्यांसाठी चिलखत बनवलं. कारकून जबानी तृतीयपुरुषी लिहितो, छळाच्या धाकाखाली वदवून घेतो, तरी त्यातून परेराची हुशारी लपत नाही.

गोव्यातही १५६०पासून इन्क्विझिशन होतं. तिथल्या खटल्यांचे बहुतेक कागद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ते न्यायालय बंद झाल्यावर, नष्ट केले गेले. जुन्या गोव्यात मोझांबिकहून आणलेल्या कुणा स्त्रीने काय म्हटलं असेल, कोणता दोरा गळ्यात बांधला असेल, ते आता कळायचं नाही. म्हणून लिस्बनचे हे खटले मला इतके मोलाचे वाटतात. हरवलेलं ते परत देत नाहीत, पण काय हरवलं याचा अंदाज देतात.

१७६१मध्ये पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने कायदा केला, की पोर्तुगालच्या भूमीवर बाहेरून उतरणारा गुलाम स्वतंत्र. याचा तिथे फार अभिमान बाळगला जातो. मला तो कायदा अर्धवट वाटतो. गुलाम ब्राझीलच्या खाणींत आणि मळ्यांत हवे होते, ते युरोपात येऊन वाया जाऊ नयेत, हाही त्यामागचा हिशेब होता. साम्राज्यातल्या गुलामगिरीवर कायद्याने पडदा पडायला १८६९ उजाडलं.

विसाव्या शतकात याच शहराने आपल्या साम्राज्याचे मारेकरी घडवले. वसाहतींतून शिकायला येणाऱ्या मुलांवर लक्ष राहावं म्हणून १९४४मध्ये सरकारी आशीर्वादाने ‘साम्राज्याचं विद्यार्थिगृह’ निघालं. तिथे शेतकीशास्त्र शिकणारा आमिल्कार काब्राल आणि वैद्यकाचा विद्यार्थी आगुस्तिन्यु नेतो एकत्र आले. पुढे एकाने गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्देचा लढा उभारला, दुसरा अंगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९६५मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते घर बंद केलं. या लढ्यात गोव्याचाही माणूस होता. बार्देशचे आकिनो द ब्रागांझा मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार होते आणि १९८६च्या विमान अपघातात त्यांच्याबरोबरच गेले. त्यांच्यावर मराठीत पुस्तक यायला हवं.

आजचं आफ्रिकन लिस्बन पाहायला शहराला लागून असलेल्या आमादोराच्या कोवा दा मोउरात जावं. केप व्हर्देहून आलेल्यांनी ही वस्ती स्वतःच्या हाताने विटांवर विटा रचून उभी केली. बायका अर्धवर्तुळात बसतात, गुंडाळलेल्या कापडाची गठडी मांड्यांत धरून तळव्यांनी ठोकतात आणि क्रिओलमध्ये गातात; याला बातुक म्हणतात. मका-घेवड्याची काशुपा शिजत असते. याच वस्त्यांत जन्मलेल्या पुष्कळांना मात्र १९८१च्या नागरिकत्व कायद्यामुळे जन्मभूमीचं नागरिकत्व आपोआप मिळालं नाही. शिवाय २०२१च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न घ्यायला सांख्यिकी संस्थेने नकार दिला, त्यामुळे काळे पोर्तुगीज नागरिक किती, याचा जनगणनेतला आकडाच नाही. सोळाव्या शतकात गुलाम मोजले, आता नागरिक मोजत नाहीत. मला हे चुकीचं वाटतं.

पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे यायचं, तर पणजीच्या दप्तरखान्यात पोर्तुगीज कागदांचे गठ्ठे आजही वाचकाची वाट पाहताहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते आयुष्यभर वाचले आणि मराठ्यांच्या इतिहासाला नवं साधन दिलं. त्याच दप्तरात गुलामांच्या, सिद्दींच्या, मोझांबिकच्या नोंदी आहेत आणि त्या वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोडी शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या महाराष्ट्रात वाढते आहे, याचा मला आनंद आहे. त्यांतल्या काहींनी पोर्तुगीजही शिकावी आणि पणजी-लिस्बन दोन्हीकडे जावं. लागेल ती मदत करायला मी तयार आहे.